क्रँकचे आठ बोल्ट

आमच्या गाडीचं इंजिन हालोलच्या रस्त्यावर फुटलं, तेव्हा ते नव्याने बांधून फक्त दोनशे बारा मैल झाले होते. बांधलं होतं मिस्त्रीकाकांनी. गाडी ओढत शेडमध्ये आणली, इंजिन उतरवून खोललं, तर क्रँक धरून ठेवणारे आठही बोल्ट ढिले. क्रँकचे दोन तुकडे झाले होते आणि मागच्या बाजूला ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्याला, बोटभर तडा गेला होता. त्या वेळी तिथे जुन्या गाड्यांचे मालक असे आम्ही सात जण होतो. पहिल्यांदा बोललो तो मीच. म्हणालो, "काकांकडून राहून गेलं."

चूक त्यांची नव्हती. हे मला कळायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत एका म्हाताऱ्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला. तो मी परत मिळवून देऊ शकलो की नाही, ते मी जसं घडलं तसं लिहितो.

गाडी अमेरिकन, पन्नासच्या दशकातली, सहा सिलिंडरची, चार दारांची. लांबी सोळा फूट चार इंच. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगची जागा पंधरा फुटांची, म्हणून गाडी तरसालीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये असते. वडील सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. मी सहा वर्षांचा असताना त्यांनी ती संस्थानच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली. पुढची सीट सलग, कोचासारखी. तिच्यावर वडील, आई आणि आम्ही तिघं भावंडं एका ओळीत बसायचो, मागची सीट रिकामी. गिअरचा दांडा स्टिअरिंगला होता, त्यामुळे कुणाचे गुडघे आड येत नसत. रविवारी वडील ती धूत, मी क्रोम पुसत असे. मागच्या बंपरमध्ये तोंड पाहिलं की ते रुंद दिसायचं, आणि बहिणी मला त्यावरून "भोपळा" म्हणायच्या.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. बहिणी म्हणाल्या, गाडी तूच ठेव, आमच्या दारात मावत नाही. मी एका कारखान्यात मापं तपासण्याच्या खात्यात आहे. दिवसभर मायक्रोमीटर, गेज, आणि पास की नापास एवढंच. मला वाटलं, हे जमेल. सुरुवातीला फक्त चालू ठेवायची होती. मग बडोद्यातले जुन्या गाड्यांचे मालक भेटले आणि मला त्या मंडळींचा रोग लागला.

त्या रोगाचं नाव 'मूळ'. काच मूळची आहे का? तिच्या कोपऱ्यातला छाप बघा. स्क्रूच्या डोक्यावरची खाच मूळ की मागाहून बदललेली? घड्याळ बंद आहे, पण मूळ आहे ना, मग बंदच राहू द्या. आमच्यापैकी एकाने दाराच्या हँडलसाठी चार वर्षं पत्रव्यवहार केला होता. त्याच्या मुलीच्या लग्नासाठी त्याने एवढी पत्रं लिहिली नव्हती, असं त्याची बायकोच सांगायची. मी गाडीच्या भागांची यादी केली. सहाशे अठरा नोंदी झाल्या, त्यांतल्या पाचशे एकेचाळीस मूळ. यादी पाहून माझी बायको म्हणाली, "उद्या माझ्या भावाच्या डोक्यावरचे केसही मोजाल, मूळ किती नि लावलेले किती." मी हसलो, पण त्या दिवसांत मला खरोखर तसंच दिसायचं. एखादी वस्तू चालते की नाही, यापेक्षा ती पहिल्यापासून तीच आहे की नाही, हे मला महत्त्वाचं वाटू लागलं होतं.

मिस्त्रीकाका हे बडोद्यात या इंजिनांचे शेवटचे कारागीर. वय पंचाहत्तरच्या पुढे. किती पुढे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. गुजराती चौथीपर्यंत शिकलेले. राहायचे घडियाळी पोळमध्ये, जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत. तिथे असली गाडी शिरतच नाही, म्हणून काम मालकाच्या शेडमध्ये जाऊन करायचं. रिक्षात इंचांच्या पान्यांची पेटी घालून ते येत. आधी इंजिनाला हात लावत, मग पाणी मागत, मग विचारत की काय होतं. आमचं बोलणं गुजरातीत चालायचं. इथे मी ते बहुतेक मराठीतच लिहितो.

त्यांना आकड्यांची गरज पडत नसे. बोल्ट किती घट्ट करायचा, ते त्यांचा हात सांगायचा. लांब दांड्याचा पाना लावून ओढत, शेवटच्या वितीला डोळे मिटत आणि म्हणत, "बस." मला ते पटायचं नाही. मला ते 'मापवाळा' म्हणायचे. "आला मापवाळा. आता माझी उंची मोजेल," असं चारचौघांत म्हणत आणि मी आणलेल्या, फटी मोजायच्या फीलर गेजच्या पात्यांनी कान कोरायचा अभिनय करत.

आमचं इंजिन बांधायला घेतलं, तेव्हा मी ठरवलं होतं की सगळं मापाने करायचं. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक कागद मागतात, आणि मला माझा कागद निर्दोष हवा होता. बहुतेक आकडे एका मालकाकडच्या दुरुस्तीच्या छापील पुस्तकाच्या झेरॉक्समध्ये मिळाले. क्रँकच्या बोल्टांचं पान त्या झेरॉक्समध्ये आलं नव्हतं. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला जाड लोखंडी कणा. आमच्या इंजिनात तो चार ठिकाणी लोखंडी कॅप बसवून धरलेला असतो, प्रत्येक कॅपला दोन बोल्ट. असे आठ.

काका म्हणाले, "ज्याचं पुस्तक आहे त्याला फोन कर."

"गरज नाही. वडिलांच्या वहीत आहे," मी म्हणालो.

वडिलांची वही म्हणजे आमच्या घरातली पूजेची वस्तू. तेल कधी बदललं, टायर कधी फिरवले, किती मैल झाले, सगळं तिच्यात. ते मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे आकडेही मराठी. 'इंजिन' असं शीर्षक असलेल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'क्रँक कॅप बोल्ट', आणि पुढे चाळीस. मी टॉर्कचा पाना चाळीस फूट-पौंडांवर लावला. तो कारखान्यातून तपासून, शिक्का मारून आणला होता. ठरवलेला जोर आला की तो टक असा आवाज करतो. काकांना समजावलं, टक झालं की थांबायचं.

पहिला बोल्ट. टक. काकांनी पाना तसाच धरून ठेवला.

"आ ढीलुं लागे छे, भाई."

"ढिलं नाही. बरोबर चाळीस आहे."

"चाळीस असेल. पण ढिलं आहे."

"काका, साठ वर्षं अंदाजाने केलंत. एकदा तरी मापाने करा."

"अंदाज?" ते हसले, पण नेहमीसारखे नाही. "ठीक आहे बाबा. गाडी तुझी, पाना तुझा, आकडा तुझ्या बापाचा. माझं काय, मी फक्त ओढणारा."

चार बोल्ट माझ्या डोळ्यांसमोर झाले. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला आणि मी बोलत बाहेर गेलो. परत आलो, तर काका हात पुसत होते. विचारलं, "झाले?" ते म्हणाले, "झाले." मी कागदावर आठही चौकटींत बरोबरची खूण केली. न पाहिलेल्या चार बोल्टांवर मी खूण केली, ही गोष्ट मी कारखान्यात कधीच केली नसती.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. झेरॉक्समध्ये पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बारीक बोल्ट पंचेचाळीसचे होते. क्रँकचे त्यांच्यापेक्षा जाड, आणि ते चाळीसवर? पण वही वडिलांची होती. तिच्यावर शंका घ्यायची नसते, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. मीच ते गृहीत धरलं होतं.

इंजिन फुटल्यावर सगळ्यांना कारण लगेच पटलं. मी बाहेर गेलो तेव्हा काका विसरले. वय झालं. माझ्यासमोर घट्ट केलेले चारसुद्धा ढिले निघाले होते, पण त्याचंही उत्तर माझ्याजवळ तयार होतं: चार सुटे राहिले, त्यांच्या हादऱ्याने बाकीचेही सैल पडले. काकांना मी फोनवर कळवलं.  त्यांनी एवढंच विचारलं, "आठे आठ?"

त्यांनी भांडायला हवं होतं. 'मी ढिलं म्हणालो होतो,' एवढं एक वाक्य बोलले असते, तर मी कदाचित वही उघडली असती. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, चूक कबूल आहे.

आमच्या मंडळींत एक शेठ आहेत. त्यांच्याकडे अकरा अमेरिकन गाड्या, एका ओळीत, पांढऱ्या कापडाखाली. दिवाळीनंतर ते काकांना दोन इंजिनं देणार होते, आठ-आठ सिलिंडरची. काका त्याबद्दल वर्षभर बोलत होते. "ते दोन उघडले की मग पेटी बंद," असं म्हणत. शेठनी ती इंजिनं कोइंबतूरला पाठवली. इतरांनीही आपापली कामं काढून घेतली. कुणी काकांना तोंडावर काही बोललं नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एकाने लिहिलं, 'काकांना आता फक्त नारळ फोडायला बोलवायचं.' त्याखाली हसरे चेहरे होते, मी मोजले, चौदा. त्यांतला एक माझा होता.

मधल्या काळात ते मला एकदाच भेटले, मांडवीजवळ, हातात भाजीची पिशवी. मी स्कूटरवरून उतरलो. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले.

"माफ करजो, भाई. तुझ्या बापाची गाडी होती."

मी म्हणालो, "असू द्या काका, होतं कधीकधी."

मी त्यांना माफ केलं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलंही, की मी त्यांना काही बोललो नाही. ती म्हणाली, "चांगलं केलंत." तिला काय माहीत.

अकराव्या महिन्यात मी गाडी विकायचं ठरवलं. फुटलेल्या ब्लॉकचं काही होण्यासारखं नव्हतं. अहमदाबादच्या एका गृहस्थांना गाडी बघायची होती, आणि तिचा इतिहास म्हणून वहीच्या पानांचे फोटो हवे होते. मी जेवणाच्या टेबलावर वही ठेवून एकेक पान मोबाइलवर घेत होतो. इंजिनाच्या पानाचा फोटो पुसट आला, म्हणून बोटांनी मोठा करून पाहिला. बोल्टांच्या ओळीखाली सिलिंडर पेटण्याचा क्रम लिहिलेला होता: 1-5-3-6-2-4. तो मला लहानपणापासून पाठ, म्हणून मी तो कधी वाचलाच नव्हता. आता वाचला. शेवटचा चार इंग्रजी होता. त्याच पानावर, त्याच पेन्सिलीने, वडिलांनी चार लिहिताना 4 लिहिला होता.

मग वरच्या ओळीतलं ते काय होतं?

वडील इंग्रजी आठ वरून सुरू करत, खाली गाठ मारत आणि वर परत येताना डोकं जुळवत नसत. डोकं उघडं राहिलं की 8 हा ४ दिसतो. त्याच्यापुढचं शून्य दोन्ही लिप्यांत सारखंच. मी सबंध वही चाळली. मराठी आकड्यांच्या पानांमध्ये पाच पानं इंग्रजी आकड्यांची निघाली; बहुधा छापील पुस्तकावरून उतरवून घेतलेली. त्या पाच पानांत आठ एकूण तेवीस वेळा आला होता. त्यांतल्या एकोणीस आठांची डोकी उघडी होती. मी ज्याच्याकडे पुस्तक होतं त्याला फोन केला. त्याने पान उघडून सांगितलं: ऐंशी ते पंच्याऐंशी.

बायको भाजी चिरत होती. तिने विचारलं, "काय झालं? चेहरा असा का?"

मी म्हणालो, "काकांचे बोल्ट राहिले नव्हते. मी चाळीस सांगितले. ऐंशी हवे होते."

तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "मग बसलात काय? जा ना."

घडियाळी पोळमधल्या घराचं दार त्यांच्या सुनेने उघडलं. आत घेण्याआधी उंबऱ्यातच म्हणाली, "भाई, त्यांना गाडीबद्दल काही बोलू नका. तेव्हापासून त्यांना काही सांगायची सोय राहिली नाही. गॅसचं बटण चारदा बघतात. पंख्याचा एक स्क्रू लावायला दिला, तर मला बोलावून विचारतात, बराबर बेठो ने, बरोबर बसला ना? मी काय सांगू? मला काय कळतं स्क्रूतलं? डॉक्टरकडे नेलं, सांगितलं की विसरायला लागलेत. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने चांगलं आहे. तर म्हणतात, डॉक्टरला काय ठाऊक, आठ बोल्ट विसरणारा माणूस आहे मी." पान्यांची पेटी त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला वजनावर दिली होती, हेही तिनेच सांगितलं.

काका खाटेवर बसले होते. हात मांडीवर, पालथे. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू चांगल्या घरचा मुलगा आहेस. तुझा बापही असाच होता. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून आपल्या अंगावर घ्यायचा."

"काका, मी समजूत काढायला आलेलो नाही. हे बघा." मी वही पुढे केली आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला, वही खिडकीकडे धरली आणि मान हलवली. "आ तो चोगडो छे."

चोगडो म्हणजे चार. गुजराती चारही तसाच असतो. जी चूक मी केली होती, तीच त्यांनी माझ्यासमोर केली आणि वही मिटून परत दिली. "तू बरोबर वाचलंस, भाई. चाळीस. आकडा बरोबर होता. माझंच राहिलं."

मी त्यांना खालची ओळ दाखवली, इंग्रजी चार दाखवला, उघड्या डोक्याचे एकोणीस आठ दाखवले. ते मान हलवत राहिले, जशी आपण लहान मुलाला दुखवायचं नसताना हलवतो. शेवटी मी म्हणालो, "माझ्याबरोबर शेडवर चला. अर्धा तास."

त्यांना यायचं नव्हतं. सून म्हणाली, "जाऊन या, बापुजी. इथे बसून तरी काय करता?" तेव्हा उठले.

शेडमध्ये फुटलेला ब्लॉक दोन लाकडांवर पालथा ठेवलेला होता. मागची जागा गेली होती, पण पुढच्या तीन कॅप शाबूत होत्या. क्रँक नसला तरी कॅप तशाच बसवता येतात. मी सहा नवे बोल्ट तेल लावून हाताने फिरवून ठेवले आणि काकांच्या हातात लांब दांड्याचा साधा पाना दिला. त्यावर आकडा नाही, आवाज नाही.

"तुमच्या हाताने करा. नेहमी करायचात तसं."

"हात राहिला नाही आता."

"नसला तर नसला. मला बघायचं आहे."

त्यांनी पहिला बोल्ट ओढायला खूप वेळ घेतला. पाना दोनदा काढून परत लावला. दुसरा त्याहून लवकर झाला. तिसऱ्यापासून त्यांनी डोळे मिटले. सहावा झाल्यावर ते "बस" म्हणाले नाहीत, नुसता पाना खाली ठेवला.

मग मी टॉर्कचा पाना घेतला. सत्तरवर लावून सहाही बोल्टांवर ओढला. एकही न हलता टक. ऐंशीवर लावला. सहाही बोल्ट न हलता टक. पंच्याऐंशीवर लावला, तेव्हा चार बोल्ट केसभर हलले, दोन हलले नाहीत. मी त्यांना प्रत्येक वेळी आकडा वाचून दाखवला. छापील पुस्तकाच्या त्या पानाचा फोटोही मी आता मागवून घेतला होता. तो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. छापील आठाचं डोकं बंद होतं. तो त्यांना वाचता आला.

ते एका जुन्या टायरवर बसले.

"एटले मारो हाथ खोटो नहोतो."

"नव्हता काका. तुमचा हात बरोबर होता."

"मग मी चाळीसवर का थांबलो?"

"मी सांगितलं म्हणून."

"मला कळलं नाही, ढिलं आहे ते?"

"कळलं होतं. तुम्ही म्हणालात, ढिलं लागतं. मी ऐकलं नाही."

"मी म्हणालो?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला आठवत नाही. मी म्हणालो होतो?"

"पहिल्याच बोल्टला."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. ते दोन्ही हातांकडे बघत बसले. मग हळू आवाजात, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "हाताला कळलं होतं आणि तरी मी दुसऱ्याच्या आकड्यावर थांबलो, म्हणजे विसरण्यापेक्षा हे वाईट. विसरणं वयाचं असतं."   मी दिलेल्या जुन्या ओझ्याच्या जागी मीच आणलेलं नवं ओझं त्यांनी उचललेलं मला दिसत होतं.

निघताना ते म्हणाले, "सगळ्यांना सांग. जिथे बोललास, तिथेच सांग."

पुढच्या रविवारी सकाळी मंडळी शेठच्या आवारात जमली होती. गाड्यांवरची कापडं काढलेली, चहा चाललेला. मी उभा राहून सगळं सांगितलं. आकडे सांगितले, वही दाखवली, सहा बोल्टांचं सांगितलं. न पाहता खूण केली, तेही सांगितलं.  मग एक जण म्हणाला, "म्हणजे मापवाळाच मापात चुकला!" आणि सगळे हसले. दुसरा म्हणाला, "साहेब, तुमच्या वडिलांना सांगा, अक्षर सुधारा." पुन्हा हसले. वाईट मनाने कुणी हसत नव्हतं. त्यांच्यासाठी हा चहाबरोबरचा किस्सा होता.

मी शेठना विचारलं, "तुमची दोन इंजिनं?"

"ती कोइंबतूरहून येतीलच आता, बांधून. छान काम करतात ते लोक, सगळं कॉम्प्युटरवर." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. काकांचंही वय झालंच होतं. आज ना उद्या थांबायचंच होतं. पण आपण असं करू, पुढच्या मेळाव्यात त्यांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, एक फलक. बघा ना, किती बरं वाटेल त्यांना."

"एखादं काम देता येईल का? लहानसं?"

"काम..." ते गाड्यांच्या ओळीकडे बघत म्हणाले. "काम आता कुठे, साहेब? आणि एकदा लोकांच्या मनात बसलं ना, की मग खरं काय नि खोटं काय, कोण बघतो?"

संध्याकाळी मी घडियाळी पोळमध्ये गेलो. काकांना सगळं सांगितलं, हसणंही लपवलं नाही. सत्काराचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "इंजिन आपवाना छे? इंजिनं देणार आहेत?"

"नाही."

"मग शाल कशाला? मला थंडी वाजत नाही."

मी म्हणालो, आमच्या गाडीसाठी मी दुसरा ब्लॉक शोधीन. त्या काळच्या लॉऱ्यांतही हेच इंजिन असायचं, कुठेतरी भंगारात एखादा मिळेलच. तो मूळ नसला तर नसला. यादीतली एक नोंद खोडीन. इंजिन तुम्ही बांधा, तुमच्या हाताने, मी पाना आणणार नाही. अहमदाबादच्या गृहस्थांना त्याच दुपारी मी नाही म्हणून कळवलं होतं. मला वाटत होतं, हे मी त्यांना देऊ शकतो.

त्यांनी सुनेला हाक मारून माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. मी ते पिईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "तू खोटा माणूस नाहीस. येऊन सांगितलंस, दुसरा कोणी आला नसता. पण तुला बघितलं की मला तो पहिला बोल्ट दिसतो. अजून आठवत नाही, तरी दिसतो. हमणां थोडा दिवस ना आवता, भाई."

आता थोडे दिवस येऊ नकोस, असं त्यांचं म्हणणं होतं. मी उठलो. दारापर्यंत सून आली. मला चपला घालता याव्यात म्हणून ती बाजूला सरकली.

ब्लॉक मला पादरा गावाजवळच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. तो शेडमध्ये आणून ठेवला आहे. मी तो घासून साफ केला, भोकांची मापं घेतली. मापं ठीक आहेत, कामाचा आहे. या गोष्टीला आता पाच महिने होऊन गेले. थोडे दिवस म्हणजे किती, ते मी त्यांना विचारलं नव्हतं.